भाग : चाक नाचतं तेव्हा… मस्टँगच्या मागच्या सस्पेन्शनची गोष्ट

आज मी गॅरेजमधूनच रेकॉर्ड करतोय. मध्येच हीटरची घरघर ऐकू आली तर समजून घ्या, बाहेर मिशिगनची थंडी आहे. गाडी आता मार्चपर्यंत कव्हरखाली. म्हटलं, तोवर तिचीच गोष्ट सांगू.

गाडी म्हणजे फोर्ड मस्टँग जीटी, २०१५ चं मॉडेल. पाच लिटरचं व्ही-आठ इंजिन, ४३५ हॉर्सपॉवर, सहा गिअर, हातानं टाकायचे. आणि आजचा विषय आहे व्हील हॉप. म्हणजे जोरात गाडी काढताना मागची चाकं नुसती घसरत नाहीत, तर उड्या मारतात. धडधडधडधड! मागच्या सीटखाली कुणीतरी हातोडा मारतंय असं वाटतं.

आता हे होतं का? शाळेत फळ्यावर खडू उभा धरून ढकललाय कधी? सरळ रेघ यायच्या ऐवजी टक-टक-टक करत टिंबांची रेघ येते. खडू अडकतो, वाकतो, सुटतो, परत अडकतो. व्हील हॉप म्हणजे हेच, फक्त खडूच्या जागी सतराशे किलोची गाडी.

जरा नीट बघू. इंजिनाचा जोर चाकापर्यंत येतो. टायर रस्त्याला धरून असतो. मग चाक गाडीला पुढे ढकलतं, पण ते गाडीला थेट जोडलेलं नसतं. मध्ये आर्म असतात, लिंक असतात आणि प्रत्येक जोडावर रबराचे बुश असतात. ते रबर दाबलं जातं, पिळलं जातं. टायरची बाजूची भिंतसुद्धा पिळली जाते. म्हणजे स्प्रिंग ताणल्यासारखी ताकद साठत जाते. एका क्षणी टायरची पकड सुटते, साठलेली ताकद एकदम मोकळी होते आणि चाक झटक्यात जागेवर येतं. परत पकड मिळते, परत पीळ बसतो. हे सगळं एका सेकंदात बऱ्याच वेळा. आणि दर वेळी पकड परत मिळते तेव्हा एक्सलच्या शाफ्टला असा दणका बसतो की विचारू नका.

मला हे पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. मला कळलं ड्रॅग स्ट्रिपवर.

शुक्रवारची रात्र होती. कुणीही आपली गाडी घेऊन यावं आणि पाव मैल पळवावी, असा कार्यक्रम. चार मित्र आलेले, दोघांचे फोन व्हिडिओसाठी बाहेर. संध्याकाळ गार, टायर गार. मी क्लच सोडला आणि धडधड सुरू झाली. आता अशा वेळी काय करायचं? अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. बस. दुसरं काहीही नाही. पण मित्र शूटिंग करतायत ना! मी पाय तसाच दाबून ठेवला. दोन सेकंद असेल. मग ‘ठो’ असा आवाज आला, इंजिन मोकळंच ओरडायला लागलं आणि गाडी जागेवर. डावा शाफ्ट तुटला होता.

मागे रांगेत पंधरा-वीस गाड्या थांबलेल्या, आणि माझी मस्टँग दोरी लावून बाहेर ओढली जातेय. टोइंग, नवीन शाफ्ट, मजुरी, सगळं मिळून हजार डॉलरच्या वर गेलं. त्या उन्हाळ्यात आई-बाबा इकडे यायचे होते, त्यांच्या तिकिटासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून ते गेले. तिकीट पुढे ढकललं. बाबांना फोनवर म्हणालो, ‘ऑफिसात काम वाढलंय.’ ही गोष्ट मी आज पहिल्यांदा उघड बोलतोय. बाबा, ऐकत असाल तर सॉरी.

असो. तर दुरुस्ती झाली, आता इलाज काय?

गंमत म्हणजे हा प्रश्न मस्टँगला नवा नाही. १९६४ साली ही गाडी आली तेव्हा मागची दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर होती. १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मध्ये तो एक्सल पिळला जाऊ नये म्हणून वरून जादा दांडे लावलेले होते. ऐंशीच्या दशकात फोर्डनं मागे दोन आडवे शॉकअप जास्तीचे दिले, ते याच कामासाठी. २०१५ पासून सगळ्याच मस्टँगना मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन आलं. प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं, वळणावर आणि खराब रस्त्यावर गाडी छान बसते. पण डिफरन्शियल आणि सगळे आर्म आता एका सबफ्रेमवर आहेत, आणि ती सबफ्रेम चार मोठ्या रबरी बुशांवर गाडीच्या बॉडीला टांगलेली. रबर मऊ का? तर केबिनमध्ये आवाज आणि थरथर येऊ नये म्हणून. रोज ऑफिसला जाणाऱ्यासाठी ते बरोबरच आहे. माझ्यासारख्या उपद्व्यापी माणसासाठी नाही.

म्हणून पहिली पायरी सबफ्रेम. तिच्या बुशांच्या रिकाम्या जागेत बसणारे, हालचाल अडवणारे तुकडे मिळतात. शंभर-दीडशे डॉलरचं काम. सबफ्रेम पूर्ण उतरवावी लागत नाही, एकेका बाजूचा बोल्ट काढून थोडी खाली घ्यायची. घरी एक दुपार लागते. आवाज फारसा वाढत नाही. फरक? अर्धा प्रॉब्लेम इथेच गेला. तुम्हाला एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

दुसरी पायरी उभी लिंक. चाकाचा नकल आणि खालचा आर्म यांना जोडणारी ही छोटी दांडी. जोर लावताना आणि ब्रेक मारताना नकल पिळायला बघतो, त्याला ही धरून ठेवते. मूळ लिंकच्या टोकांना रबर असतं. त्याजागी गोल बेअरिंगवाली लिंक टाकली, आणि कोरड्या रस्त्यावर हॉप जवळजवळ संपला.

तिसरी पायरी डिफरन्शियलचे बुश. ते मी कडक केले नाहीत. कडक केले की गिअरची ‘ऊंऽऽ’ थेट केबिनमध्ये येते. रोज दीड तास ड्रायव्हिंग करणाऱ्यानं विचार करावा.

आता माझी चूक ऐका, कारण ती तुम्हीही कराल. उभी लिंक बसवताना मी खालच्या आर्मचे बोल्ट ढिले केले होते. काम झालं, गाडी स्टँडवर उचललेली, चाकं लटकलेली, आणि मी तशाच अवस्थेत टॉर्क रेंच लावून सगळं आवळून टाकलं. रबरी बुश ज्या स्थितीत आवळाल तीच त्याची मूळ स्थिती होते. गाडी खाली उतरवली की तो पिळलेलाच राहतो. माझी गाडी मागून किंचित उंच दिसायला लागली, मग खड्ड्यात करकर, आणि चार महिन्यांत बुश फाटले. तेव्हा लक्षात ठेवा: रबरी बुशाचे बोल्ट आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच. आणि नंतर अलाइनमेंट करायचीच. आणि हो, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. स्टँड लावा, गाडी हलवून बघा, मग आत जा.

पुण्या-नाशिकहून ऐकणारे म्हणतील, आमच्याकडे कुठे मस्टँग! पण पुढची चाकं ओढणारी तुमची साधी हॅचबॅकही पावसात चढावर क्लच झटकन सोडला की अशीच धडधडते. तिथे भारी पार्ट शोधू नका. आधी इंजिनाची माउंटिंग बघा, खालच्या आर्मचे बुश बघा, शॉकअप गळतायत का बघा, टायर किती झिजलाय बघा. बहुतेक वेळा काहीतरी जुनं झालेलं असतं. नवं ओरिजिनल टाकलं की काम होतं.

आणि सगळ्यात स्वस्त पार्ट तुमच्याकडे आहेच: उजवा पाय. चाक नाचायला लागलं की तो उचला. कोण शूटिंग करतंय ते बघू नका.

आई-बाबा येत्या मे महिन्यात येतायत. तिकीट काढलंय. बाबांना त्या स्ट्रिपवर घेऊन जाणार आहे, पण प्रेक्षक म्हणून.

पुढच्या भागात ब्रेक. तोपर्यंत काळजी घ्या, सावकाश चालवा. भेटूच!