भ्रमणध्वनी कामगाराचा, किल्ली कोणाची?

(उद्योजक आणि कामगार कार्यकर्ते यांच्या एकत्रित अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



कामाचा पहिला दिवस असतो. नियुक्तिपत्र हाती पडते, ओळखपत्रासाठी छायाचित्र निघते आणि मग कार्यालयातील कोणीतरी सांगतो, "आता हे ॲप तुमच्या मोबाईलमध्ये घ्या." नवा माणूस खिशातून स्वतःचा मोबाईल काढतो. तो त्याने हप्त्यांनी घेतलेला असतो आणि रिचार्जचे पैसेही तोच भरत असतो. पडद्यावर एकामागून एक प्रश्न उमटतात. ठिकाण पाहू द्यावयाचे का, कॅमेरा वापरू द्यावयाचा का, संपर्कांची यादी उघडू द्यावयाची का, साठविलेली छायाचित्रे वाचू द्यावयाची का. प्रश्न बहुधा इंग्रजीत असतात आणि मागे आणखी चार जण रांगेत उभे असतात. तो प्रत्येक वेळी ‘होय’वर बोट ठेवतो. व्यवहारात याला संमती म्हणतात. पोटाची चिंता पाठीशी असताना, नोकरीच्या पहिल्याच दिवशी दिलेल्या या होकाराला खरोखर संमती म्हणावे काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हे नियंत्रण चालते कसे, हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण अज्ञान दोन्ही बाजूंना आहे. काही ॲप केवळ हजेरी आणि ठिकाण नोंदवितात. काही प्रणाली त्याहून पुढच्या असतात. मोबाईलचे दूरस्थ व्यवस्थापन करणाऱ्या या प्रणालीला इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एमडीएम’ म्हणतात. पूर्ण ताबा देऊन ती बसविली, तर दूर बसलेला व्यवस्थापक त्या मोबाईलला कुलूप घालू शकतो, त्यात कोणती ॲप असावीत हे ठरवू शकतो आणि वेळप्रसंगी सगळा मोबाईल पुसून कोरा करू शकतो. यात आईच्या औषधांची चिठ्ठी, मुलीच्या शाळेचा गट, बँकेचे संदेश, निवर्तलेल्या वडिलांचा ध्वनिमुद्रित आवाज, असे सगळे आले. मात्र याच तंत्रज्ञानात दुसरी वाटही आहे. २०१४ च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीपासून कामाचा कप्पा वेगळा ठेवण्याची सोय उपलब्ध आहे. मालकाला तेवढा कप्पा सांभाळता येतो आणि नोकरी सुटल्यावर तेवढाच पुसता येतो. तेव्हा दोष यंत्राला देऊन कोणाची सुटका नाही. पूर्ण ताबा घ्यावयाचा की एक कप्पा मागावयाचा, हे माणूस ठरवितो.

मालकाची बाजू खोटी नाही. लहानशा कारखान्याचे नकाशे एका स्पर्शासरशी प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ शकतात. बँकेतील ग्राहकांची माहिती बाहेर गेली तर जबाबदारी बँकेवर येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. रेल्वे इंजिनाच्या चालकाने गाडी चालविताना मोबाईल बंद ठेवावा, हा नियम जाचक आहे असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२१ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयात मोबाईलचा वापर बेताने करावा, बोलताना आवाज सौम्य ठेवावा, अशा सूचना दिल्या, त्यातही गैर काही नव्हते. कामाच्या वेळी कामाकडे लक्ष मागणे हा मालकाचा अधिकारच आहे. मोबाईल बाजूला ठेवा असे सांगणे वेगळे आणि मोबाईल आमच्या हाती द्या असे सांगणे वेगळे. गल्लत होते ती येथे.

आता एक युक्तिवाद असा आहे की, जो बाहेरच्या कोणी नव्हे, तर आपल्याच विचाराच्या उद्योजकांनी अनेकदा केलेला आहे. २३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे दत्तोपंत ठेंगडी यांनी भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. वर्गसंघर्षाच्या सिद्धान्ताला नकार देऊन या संघटनेने उद्योग हे एक कुटुंब आहे, ही कल्पना मांडली. तिचा आधार घेऊन काही जण म्हणतात, "आमचा कारखाना हे कुटुंब आहे. कुटुंबात लपवाछपवी कसली? ज्याच्या मनात पाप नाही, त्याने मोबाईल दाखवावयास का कचरावे?"

या म्हणण्यात कल्पनेचा अर्धाच भाग उचललेला आहे. उद्योगांचे श्रमिकीकरण व्हावे, म्हणजे श्रमिकाला उद्योगात आपलेपणाचा वाटा मिळावा, असेही ठेंगडीजींचे प्रतिपादन होते. कामगाराच्या घरात मालकाला वाटा मिळावा, असे त्यात कोठेही नाही. शिवाय हिंदू कुटुंबाची रचना तरी खरोखर अशी होती काय? एकत्र कुटुंबात चूल एक, शेती एक, कर्ता एक. तरीही त्याच घरात स्त्रीधन नावाची वस्तू होती. सुनेच्या पेटीची किल्ली सुनेच्या कमरेला असे. सासऱ्याचा शब्द सगळ्या वाड्यात चाले, तो त्या पेटीपाशी थांबे. याज्ञवल्क्य स्मृतीने नवऱ्याला त्या धनाला हात लावण्याची मुभा दिली ती दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि बंदिवास अशा मोजक्या प्रसंगी. मनूने तर स्त्रीधनावर जगणाऱ्या आप्तांना अधोगती सांगितली आहे. (व्यवहारात हे सगळीकडे पाळले गेले असे नाही, सुनांच्या पेट्या फोडलेल्या घरांच्या कथाही गावोगाव आहेत, आणि त्या घरांची नावे लोक आजही आदराने घेत नाहीत.) ज्या समाजाने कुटुंब ही संस्था इतकी घट्ट बांधली, त्यानेच तिच्या आत एक न उघडावयाची पेटी मान्य केली होती. आजच्या कामगाराचा मोबाईल ही ती पेटी आहे. आणि ज्याच्या मनात पाप नाही, त्याच्याही घराला दार असतेच.

कौटिल्य काही भाबडा नव्हता. सरकारी द्रव्याचा अपहार करण्याचे चाळीस प्रकार त्याने मोजून सांगितले आणि अधिकाऱ्यांवर हेर नेमण्यात त्याला संकोच वाटला नाही. तोच कौटिल्य तिसऱ्या अधिकरणात कर्मकराविषयी लिहितो तेव्हा वेगळी दृष्टी दिसते. कामाचा करार शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत असावा आणि ठरल्याप्रमाणे वेतन मिळावे, असे तो सांगतो. म्हणजे करार उघड्यावर व्हावयाचा. बारीक इंग्रजी अक्षरांतल्या अटी न वाचता ‘होय’ म्हणवून घेणे, हे कौटिल्याच्या कसोटीलाही उतरणार नाही.

कायद्याचा आधार किती, हेही स्पष्ट असावे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा एकमुखी निर्णय दिला. परंतु मूलभूत अधिकार प्रामुख्याने राज्यसत्तेविरुद्ध चालतात, खासगी मालकाविरुद्ध त्यांचा थेट उपयोग मर्यादित आहे. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीवाचूनही माहिती वापरण्यास वाव ठेवला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. थोडक्यात, कायद्याने दार किलकिले ठेवले आहे. त्यातून आत शिरावयाचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या धर्माचा प्रश्न आहे. येथे धर्म म्हणजे उपासना नव्हे, कर्तव्य.

सरकार स्वतः मालक असते तेव्हा काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अंगणवाडी सेविकांना शासनाने मोबाईल दिले होते. २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आले आणि त्या अपुऱ्या क्षमतेच्या मोबाईलवर ते धड चालेना. त्यात भाषा इंग्रजी. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते मोबाईल परत केले. मग नोंदींचे काम आपसूक त्यांच्या स्वतःच्या मोबाईलकडे सरकू लागले. मानधनावर काम करणाऱ्या बाईने बाळांची वजने स्वतःच्या मोबाईलवर आणि घरातल्या लेकराच्या अभ्यासाच्या डेटावर भरावयाची! येथे कोणी तिच्या मोबाईलमध्ये डोकावले नसेलही. पण तिचे साधन कामाला जुंपले गेले, हाही ताबाच झाला. नागपुरात महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर ठिकाण दाखविणारी घड्याळे बांधली, तेव्हा साधन निदान पालिकेचे होते. ते काम संपताच काढून ठेवता येते. खिशातला मोबाईल काढून कोठे ठेवणार?

फिरतीची कामे करणाऱ्यांची, विशेषतः औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींची अडचण याहून नाजूक आहे. ठिकाण सांगणारे ॲप सायंकाळी सहाला आपोआप मिटत नाही. एखादी तरुणी रात्री कोठे आहे, हे तिच्या वरिष्ठाला पडद्यावर दिसत असेल, तर त्या वरिष्ठाच्या सज्जनपणावर सगळी भिस्त ठेवावी लागते. मातृशक्तीविषयी व्यासपीठावरून बोलणाऱ्यांनी हा एक मुद्दा तरी आपल्या कार्यालयात तपासून पाहावा.

कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून दिला. आपल्या लोकसभेत खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तशा आशयाचे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. पाश्चात्त्यांचे अनुकरण करावयाचे म्हणून नव्हे, पण रात्री अकराला शिक्षकांच्या गटावर "उद्या सकाळी सातला माहिती हवी" असा संदेश टाकणाऱ्या शाळा आपल्याच परिचयाच्या मंडळींच्याही आहेत. पतसंस्था आहेत, रुग्णालये आहेत. सेवाभाव हा शब्द तेथे फार सहज वापरला जातो.

तेव्हा येथे बसलेल्या उद्योजकांपुढे मागणे मोठे नाही. कामाला मोबाईल लागत असेल तर तो संस्थेने द्यावा. ते झेपत नसेल तर कामगाराच्या मोबाईलमध्ये कामापुरता वेगळा कप्पा घ्यावा आणि रिचार्जचा वाटा उचलावा. काय पाहिले जाते, कोण पाहते, कधी पुसले जाते, हे मराठीत एका पानावर लिहून त्याच्यासमोर वाचावे आणि एक प्रत त्याला द्यावी. नोकरी सोडून जाणाऱ्याच्या मोबाईलमधून संस्थेचे ॲप त्याच्या देखतच काढावे. आणि एवढे करूनही कोणी म्हणाला, "साहेब, माझ्या मोबाईलमध्ये नको," तर त्याची बढती अडू नये. त्याच्यासाठी हजेरीचे जुने रजिस्टर अजून बहुतेक कार्यालयांच्या कपाटात असेल. ते बाहेर काढावे.