अधिक मास आणि आपले वाण

चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे. हे अंतर साठत जाऊन साधारणतः साडेबत्तीस महिन्यांनी एक मास अधिक धरावा लागतो. २०२३ साली अधिक श्रावण आला तो याच गणिताने. या मासात सूर्याची संक्रांत होत नाही. म्हणून मलमास ठरवून त्यास मंगलकार्यांतून वगळले गेले. पुराणकथा सांगते की, सर्वांनी अव्हेरलेल्या या मासास श्रीविष्णूंनी पुरुषोत्तम हे आपलेच नाव दिले.

व्रताचे मर्म या कथेतच आहे, असे आम्हांस वाटते. स्नान, दीपदान, पोथीश्रवण आपण श्रद्धेने करतो. तेहतीस अनारशांचे वाण जावयास देतो. परंतु वैधव्यामुळे माहेरी परतलेल्या लेकीच्या ओंजळीत वाण कोण ठेवतो? अव्हेरलेल्या मासाची पूजा करावयाची आणि घरातील अव्हेरलेल्या माणसाकडे पाठ फिरवावयाची, यास व्रत कसे म्हणावे? शिवाय चांदीच्या ताटापायी वधूपित्याने ऋण काढावे, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही.

म्हणून आमची नम्र विनंती एवढीच की, येत्या अधिक मासात वाणाचे पहिले ताट अशा लेकीसमोर मानाने ठेवावे. पुरुषोत्तमास तेच रुचेल.