बाजारच्या दिवशीचा खाऊ
(पणदरे येथे प्राथमिक शिक्षक व अंगणवाडी सेविकांच्या मेळाव्यात केलेले अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षानं आधी स्वतःची पात्रता नाकारायची, अशी आपल्याकडं रीत आहे. ती मी पाळणार नाही. बत्तीस वर्षं मी मधल्या सुट्टीत मुलांच्या ताटापाशी उभी राहिले. दुसऱ्या कशावर नसेल, पण मुलं काय खातात आणि का खात नाहीत, यावर बोलायचा मला हक्क आहे.

तिसरीत एक पोरगा होता. घरी शिस्त कडक. बाहेरचं खायचं नाही, ताटात टाकायचं नाही, डबा घरी रिकामाच आला पाहिजे. डबा रोज चाटूनपुसून रिकामा जायचा आणि आई खूश असायची. मला शंका आली ती शाळेमागच्या कुत्र्यामुळं. पावसाळ्यात बरगड्या मोजाव्यात असं ते कुत्रं दिवाळीपर्यंत गुबगुबीत झालं. एक दिवस मागं जाऊन पाहिलं, तर भाकरी आणि मेथीची भाजी कुत्र्यापुढं, आणि पोरगा भिंतीकडं तोंड करून दुकानातली पाच रुपयांची खाऊची पुडी खात होता. रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याला विकून त्यानं पैसे जमवले होते. कसं खात होता, ते सांगते. चार बकाणे भरले, चावलं न चावलं, कागद चुरगाळून बांधावर फेकला, तोंड पुसलं. चव घेत नव्हता, उरकत होता. चोरून खाणाऱ्याला चवीला वेळ कुठला?

त्याच वर्गात एक मुलगी होती. तिला कसलाच नियम नव्हता. आई-बाप उजाडायच्या आत कामाला जायचे, पोरीच्या हातावर दहा रुपये ठेवून. शाळेत येईपर्यंत दोन पुड्या पोटात गेलेल्या, आणि खिचडीच्या वेळी, ‘बाई, भूक नाही.’ एकाला धाकानं पुडीकडं ढकललं, दुसरीला मोकळीकीनं. मग धाक चांगला की मोकळीक, हा प्रश्नच मला अपुरा वाटायला लागला. नियम कशावर घालायचा, हे आधी पाहिलं पाहिजे.

अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या एक डॉक्टर होत्या. त्यांनी नुकतं अंगावरचं दूध तुटलेल्या पंधरा मुलांवर एक प्रयोग केला आणि 1939 साली त्याचा सगळा वृत्तांत मांडला. मुलांपुढं पदार्थ ठेवायचे, मूल ज्याकडं बोट करेल ते भरवायचं. ‘हे खा’ नाही, ‘ते नको’ नाही. पोरांनी न्याहारीला संत्र्याचा रस आणि कलेजी खाल्ली, रात्री अंडी आणि केळी खाल्ली. बघणाऱ्यानं कपाळाला हात लावावा असे मेळ. तरी मुलं धडधाकट वाढली. हे ऐकलं की मोकळीकवाले टाळ्या वाजवतात. पण खरी गोम पुढं आहे, आणि ती डेव्हिसबाईंनी स्वतः सांगितली: सगळी किमया पदार्थांच्या यादीत होती. यादीत 34 जिन्नस होते. दूध, अंडी, मांस, धान्य, भाज्या, फळं. साखर नव्हती, बिस्कीट नव्हतं. यादी मोठ्यांची, घास मुलाचा.

आता साखर नव्हती म्हटल्यावर समोर काही ऊसवाले चुळबुळले, ते मी पाहिलं. बसा. मीही ऊसवाल्याचीच लेक आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आपली चूल पेटली, आणि इथून जवळच माळेगावचा कारखाना आहे. आम्ही लहानपणी गुऱ्हाळावर पडीक असायचो. चुलाणाच्या धगीशी उभं राहून पळसाच्या पानावर गरम काकवी घ्यायची, जीभ भाजायची, तरी परत पान पुढं करायचं. कुणी अडवत नव्हतं. दोन दिवसांत असा वीट यायचा की गुळव्यानं बोलावलं तरी पाय वळायचे नाहीत. त्या गोडाला स्वतःचा बांध होता. शिवाय गुऱ्हाळ हंगामापुरतं; सुगी सरली की कढई पालथी. पुडीला बांध नाही. हात परत पिशवीत जावा, अशा बेतानंच ती बनवतात, आणि तिला हंगामही नाही.

नियम आपल्याकडं होते, पण ते पोराच्या तोंडावर नव्हते, कॅलेंडरवर होते. वडील बाजारच्या दिवशी खाऊ आणायचे. पिशवीत तळाला गवारी-वांगी, वर कागदाच्या पुड्यात भेळभत्ता आणि गोडीशेव. कागदाला तेलाचा डाग पडलेला असायचा, त्यावरून आम्ही आत काय आहे ते ओळखायचो. इतर सहा दिवस कुणी मागत नव्हतं, कारण नाही म्हणायला माणूसच नव्हता. वार नाही म्हणायचा. वाराशी हुज्जत कोण घालणार?

स्वीडनमध्ये हीच गोष्ट सरकारी सल्ल्यानं झाली. तिथल्या विपेहोम या संस्थेत 1945 नंतरच्या काही वर्षांत मतिमंद रुग्णांना चिकट टॉफ्या खायला घालून दात कसे किडतात ते तपासलं. ज्यांना ‘नको’ म्हणता येत नव्हतं अशा माणसांवर केलेलं हे काम. त्याची लाज तिथल्या लोकांना आजही आहे. त्यातून निघालं ते असं, की गोड किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं यानं दात जास्त किडतात. मग घरोघर सांगितलं गेलं, गोड शनिवारीच द्या. ‘शनिवारचा खाऊ’ हा तिथं आता सणासारखा झाला आहे. आपला बाजारचा वार मात्र आपण पाच रुपयांत विकला.

आणि नियम मोठ्यांनाही लागू असतो, हे विसरू नका. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त अळणी भाजीचा प्रसंग आहे. आई मीठ घालायला विसरते, वडील ती भाजी निमूट खातात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. लिहिलेल्याला नव्वद वर्षं होऊन गेली, पण अन्नाला नावं ठेवू नयेत हे शिकवायला मला अजून यापेक्षा बरा धडा सापडलेला नाही, कारण त्यात शिकवणं नाही. माळकऱ्यांच्या घरची मुलं बघा. आजोबाच माळ पाळतात, म्हणून नातू मटणाच्या वासानं हळहळत नाही. आणि ज्या घरी बाप ढाब्यावर खाऊन येतो नि पोराला पावित्र्य सांगतो, तिथलं पोर ढाब्याचा रस्ता बापाच्या आधी पाठ करतं. उपवासाचं तर विचारूच नका. सगळ्यात कडक दिवस, आणि सगळ्यात चविष्ट ताट. साबुदाण्याची गोडी आपल्या पोरांना एकादशीनंच लावली.

माझीही एक चूक कबूल करते. ‘संपवल्याशिवाय उठायचं नाही’ हे वाक्य मी वर्षानुवर्षं म्हटलं. एका मुलीला दोडक्याच्या भाजीपुढं घंटा होईपर्यंत बसवून ठेवलं होतं. परवा ती भेटली, कडेवर लेकरू. म्हणाली, ‘बाई, मी अजून दोडका खात नाही.’ हसत म्हणाली, पण मला हसू आलं नाही.

आणि हे सगळं बोलताना ऊसतोडीच्या कोप्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. तिथली आई पहाटेच्या अंधारात फडात जाते. पोरासाठी कालची भाकरी आणि चटणी झाकलेली असते. त्या पोराला नियम कसला सांगता? आधी ताट पाहिजे, नियम नंतर. म्हणून मला शाळेतल्या खिचडीचं मोल वाटतं. 2001 साली सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्नच द्या म्हणून सांगितलं. त्याआधी महिन्याचा तीन किलो तांदूळ घरी जायचा, तो पोराच्या ताटात किती पडायचा ते चुलीलाच ठाऊक.

2023 च्या नोव्हेंबरात राज्य सरकारनं शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं सुरू केलं. न खाणाऱ्याला केळं. रांगेत उभं राहून बघितलंय मी. वार ठरलेला, ताटात काय येणार ते ठरलेलं, आणि अंडं की केळं हे पोरानं सांगायचं. कुणी कुणाला चिडवत नव्हतं. माळकऱ्याचा नातू केळं सोलायचा, शेजारचा अंडं, आणि सोलून आधी कुणाचं होतं याचीच शर्यत. बिगरनियमाचं नव्हतं, जुलमाचंही नव्हतं. जानेवारी 2025 मध्ये त्या अंड्याचे पैसे सरकारनं बंद केले. द्यायचं तर लोकसहभागातून द्या म्हणाले.

तर लोक इथं बसलेत. अंडं सहा-सात रुपयांना धरा. दीडशेच्या पटाला आठवड्याचे नऊशे ते साडेदहाशे रुपये. जत्रेच्या वर्गणीत आपण एका रात्रीच्या फटाक्यांना किती देतो, ते मी इथं विचारत नाही. दारात टेबलावर शंभर पानी वही ठेवली आहे. पहिल्या ओळीत माझं नाव आहे. आकडा बघून हसू नका, पेन्शनवर आहे मी.