सिंदखेडराजाच्या प्रेक्षकाचं मत

आपल्या सिंदखेडराजाच्या लेकीला, जिजाऊंना, पडद्यावर फार वेळा फक्त आई म्हणून पाहिलंय. ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’ या तिन्ही चित्रपटांत मृणाल कुलकर्णींनी जिजाऊ साकारल्या. त्याआधी 2008 साली सुरू झालेल्या ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेतही त्याच होत्या. त्यांचा आब मला मनापासून भावतो. पण या कथा शिवरायांच्या. जिजाऊ तिथे आशीर्वाद देतात, धीर देतात, आणि प्रसंग पुढे सरकतो.

म्हणून 2019 मध्ये सोनी मराठीवर आलेली ‘स्वराज्य जननी जिजामाता’ मला जवळची वाटली. तिनं थेट जिजाऊंच्या बालपणाला हात घातला. रोजच्या मालिकेत प्रसंग ताणले जातात, हे मला खटकतंच. तरी लखुजीरावांची लेक घराघरांत पोचली, याचं मोल मोठं आहे.

माझी खरी अपेक्षा वेगळीच आहे. 1629 साली देवगिरीवर निजामाच्या दरबारात लखुजीराव आणि त्यांची मुलं मारली गेली. एका दिवसात माहेर उद्ध्वस्त झालेल्या जिजाऊंच्या मनात काय उलथापालथ झाली असेल? यावर एक संथ, कमी संवादांचा चित्रपट हवा. त्याच्या चित्रीकरणासाठी राजवाडा, मोती तलाव, काळा कोट आजही इथे सिंदखेडराजात आहेत.

बाईच्या मनातलं पडद्यावर कसं आणावं, हे कळायला ‘गाभ्रीचा पाऊस’ जरूर पाहा. सतीश मनवरांनी 2009 मध्ये वऱ्हाडी शेतकऱ्याच्या बायकोची धास्ती जशी दाखवली, तसं खरं बोलणारे चित्रपट फार थोडे.