नकार कुणाचा?

आमच्या गावच्या वाचनालयात सहा संगणक आहेत. संध्याकाळी मी तिथं वर्तमानपत्रं चाळत बसतो. तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आली. शेवटचा दिवस होता. पडद्यावर आलं, ‘प्रॉक्सी सर्व्हर जोडणी नाकारत आहे.’ ती मुकाट्यानं कागद आवरू लागली. म्हणाली, ‘चाचा, मला नाही म्हणतायत.’

श्रोतेहो, तिला कुणीच नाही म्हटलं नव्हतं. तिची विनंती अजून गावाबाहेरही पडली नव्हती! अडवलं होतं कोपऱ्यातल्या आमच्याच प्रॉक्सी सर्व्हरनं. हा सर्व्हर म्हणजे दारावरचा माणूस. सगळे संगणक त्याच्यामार्फतच बाहेर जातात आणि कुणाला सोडायचं ते तो हातातल्या यादीवरून ठरवतो.

आमच्याकडे ‘स्क्विड’ नावाची प्रणाली आहे. 1996पासून ती जगभर वापरात आहे आणि फुकट मिळते. ती नियम वरून खाली वाचते. जो नियम पहिला लागू पडेल तो अखेरचा. पुढच्या ओळी ती बघतच नाही. आमच्या यादीत शेवटी ‘बाकी सर्व बंद’ अशी ओळ होती. शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळाची परवानगी कुणीतरी घातली होती, पण त्या ओळीच्याही खाली! परवानगी होती, पण तिच्यापर्यंत कुणी पोचतच नव्हतं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, यंत्रातलं मला काय कळणार? पण ओळींचा क्रम बदलला की अर्थ बदलतो, हे कवीला सांगावं लागत नाही.

संगणक सांभाळणाऱ्या मुलानं आधी सर्व्हरची नोंदवही उघडली. तिथं ‘403’ आणि ‘डिनाइड’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं; म्हणजे नकार घरचाच. त्यानं ती ओळ वर नेली, सर्व्हरला यादी पुन्हा वाचायला लावली आणि पान उघडलं.

दाखला जोडताना पुन्हा अडलं. मुलगा परत नियमांना हात घालणार, तेवढ्यात त्याला नोंदवही आठवली. आता तिथं ‘503’ होतं. म्हणजे दारावरच्या माणसानं सोडलं होतं, पलीकडचं घरच ओ देत नव्हतं. अशा वेळी इकडचे नियम सैल करून काय उपयोग? बाकीची संकेतस्थळं उघडतात का ते पाहायचं, थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. रात्री साडेनऊला पोचपावती हाती आली.

दोन्ही वेळा मुलीला दिसलं ते एकच, पान उघडत नाही. खरं कारण मात्र नोंदवहीत होतं, आणि ती वाचणारा माणूस त्या दिवशी हजर होता. नसता तर?

आता प्रत्येक नियमावर तो कुणी, कधी, कशासाठी घातला ते लिहिलेलं असतं. भिंतीवरही एक कागद लावला आहे : ‘पान उघडलं नाही तर घरी जाऊ नका. आधी विचारा.’