पालेर्मोच्या गाडीवरचे पानेल्ले

इटलीच्या सिसिली बेटावर पालेर्मो शहर आहे. तिथे छोट्या गाड्यांवर पानेल्ले मिळतात. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवायचं… पिठल्यासारखं घोटायचं. त्यात मीठ आणि पार्स्लीची पानं. मग पातळ थापून गार करायचं… काप पाडून तळायचे. तीळ लावलेल्या पावात गरम काप, वर लिंबू. एवढंच! गाडीवर पदार्थ मोजके, म्हणून हात बसलेला. हेच छोट्या गाडीचं बळ.

कुणी म्हणेल, रस्त्यावर स्वच्छतेचं काय? शंका रास्त आहे. पण इथे कढई आपल्यासमोर असते. तेल दिसतं, हात दिसतात. तेल काळं दिसलं, तर सरळ पुढे जावं. मोजके पदार्थ… आणि डोळ्यांदेखत तळलेले. गाडी निवडताना एवढं नक्की पाहा, श्रोतेहो.