बोंडअळी म्हणजे कोण?

(वर्ध्यात तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअरवाला, साहित्याचा माणूस नाही. पण मोबाईलवर आपण सगळेच रूपकात बोलतो. उत्तर न देणारा मित्र ‘भिंत’ होतो, चांगला फोटो ‘आग’ होतो. आमच्या धंद्यात तर चुकीलाच ‘बग’, म्हणजे किडा म्हणतात.

हिंगणघाटच्या आमच्या शाळामित्रांच्या व्हॉट्सॲप गटात निम्मी पोरं कापूसवाल्यांची. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस खाल्ला. बोंड बाहेरून धड, आत सरकी पोखरलेली. त्यानंतर गटात तो शब्द थट्टेत आला. उसने पैसे घेऊन गप्प बसणारा बोंडअळी, लग्नात दोनदा जेवणारा बोंडअळी. मीही वापरला.

मग एका रात्री, कुठल्याशा दंगलीच्या बातमीखाली एकानं लिहिलं, ‘आपल्या गावातही बोंडअळी आहे. फवारा लागते.’ खाली आठ-दहा हसरे चेहरे. गटात मुसलमान मी एकटा.

शिवी नव्हती, नाव नव्हतं. शिव्यांची यादी करून संदेश अडवणं मशीनला सोपं असतं. ‘बोंडअळी’ त्या यादीत टाकली, तर आधी कृषी सल्ल्याचे संदेश अडकतील! तो शब्द कोणत्या बातमीखाली आला, हे माणसालाच कळतं. १९९४ साली रवांडात रेडिओवरून तुत्सी लोकांना झुरळं म्हणत होते. ऐकणाऱ्यांना अर्थ विचारावा लागला नाही.

मी गटात काही लिहिलं नाही. फोन केला.

‘तुले नाई म्हनलं बे.’

‘मंग कोनाले?’

तो गप्प. मी विचारलं, २०१७ला तुह्या वावरात फवारून काय झालं होतं? तो शेतकरीच, खरं बोलला. ‘अळी बोंडात असते, औषध तिथं पोचत नाई. फवारनाऱ्या मानसालेच बाधते.’ त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, हे आम्हा दोघांनाही आठवत होतं. त्यावर फार बोललो नाही.

सकाळी त्याचा संदेश हटवलेला दिसला. माफी वगैरे काही नाही. दुपारी त्यानं कापसाचा भाव टाकला.

आता दुसरी गोष्ट, जी सांगायला जड जाते. आमच्या मोहल्ल्याच्या गटात गेल्या महिन्यात कुणीतरी शेजारच्या वस्तीतल्या लोकांना ‘साप’ लिहिलं. खाली अंगठेच अंगठे. लिहिणारा माझा मामेभाऊ. त्याचा नंबर मला पाठ आहे, आणि अजून लावलेला नाही.